शिखरजीची डोली आणि लेकीची मोहीम



दोन महिने काही लिहून झालं नाही. तिघी-चौघींनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना. तब्येत बरी आहे, मन जाग्यावर नव्हतं. आमच्या धाकटीने येत्या सप्टेंबरात नेपाळमधल्या मनास्लू शिखराच्या मोहिमेत नाव घातलंय. उंची ८१६३ मीटर, म्हणजे पावणेसत्तावीस हजार फुटांच्या वर. जगातल्या उंच शिखरांमध्ये आठवं. ती माझ्याकडे परवानगी मागायला आली नव्हती. तेहतीस वर्षांची आहे, मिळवती आहे. तिला दोन गोष्टी हव्या होत्या. माझ्या एफडीतले चार लाख उसने, आणि कंपनीने पाठवलेल्या खर्चाच्या पत्रकावर माझी नजर. "आई, तू बी.कॉम. आहेस, एकदा बघून दे," म्हणाली.

पैशांचं नंतर सांगते म्हटलं. पत्रक मात्र त्याच रात्री घेऊन बसले आणि एका ओळीवर अडकले ती अडकलेच.

हे वेड तिला वांगणीतच लागलं. आमच्या गॅलरीतून चंदेरीचा सुळका दिसतो. पावसाळ्यात रविवारी सकाळी कर्जत लोकलमधून पाठीवर सॅक लावलेली पोरं उतरतात आणि चिंचवलीच्या दिशेने चालू लागतात, हे इकडच्या मैत्रिणींनी पाहिलंच असेल. अकरावीत असताना तीही त्यांच्याबरोबर गेली. कोपर सोलून, सलवार फाडून परत आली तेव्हा दिवस मावळून गेला होता. मला राग आला तो सलवारीचा नव्हे, ती तशीच ताटावर येऊन बसली त्याचा. रात्रीचं जेवण आमच्याकडे नाही. मी ताट उचललं. ती पाणीही न पिता झोपली आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेली. मग सह्याद्री झाला, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतला जवळजवळ महिनाभराचा कोर्स झाला, लडाखकडचं ७१३५ मीटरचं नून झालं. दर वेळी मला वाटायचं, चला, हौस फिटली.

मोहीम म्हटलं की आमच्या पिढीला आठवते ती १९९८ ची. हृषीकेश यादवांच्या नेतृत्वाखाली आपली मुलं एव्हरेस्टला गेली आणि १८ मे रोजी सुरेंद्र चव्हाण शिखरावर पोहोचले. वर्षानुवर्षं एकत्र डोंगर चढलेला संघ, त्याचा नेता, दारोदार फिरून जमवलेल्या देणग्या. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचं आजही तसंच आहे. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली त्यांचे दहा जण १५ मे २०१९ रोजी ८५८६ मीटरच्या कांचनजुंगावर चढले. धाकटीची मोहीम या जातीची नाही. ही आपल्या यात्रा कंपनीसारखी आहे म्हणा ना. काठमांडूची कंपनी पैसे घेते, सरकारी परवाना काढते, बेस कॅम्पवर तंबू, स्वयंपाकी, डॉक्टरांचा सल्ला हे सगळं बघते. जगभरातले एकमेकांना न ओळखणारे लोक एका तंबूत जेवतात. प्रत्येकाला एक शेर्पा देतात. शेर्पा हे खरं तर एका समाजाचं नाव, पण आता ते कामाचंच नाव होऊन बसलंय.

हे शेर्पा काय करतात ते मी धाकटीला खोदून खोदून विचारलं. गिऱ्हाईक वर जायच्या आधी ते जातात. बर्फाच्या भिंतीवर दोर ठोकून ठेवतात. वरच्या कॅम्पचे तंबू, गॅस, अन्न, ऑक्सिजनच्या नळ्या पाठीवर वाहून नेतात, खाली येतात, पुन्हा नेतात. मनास्लूचा चौथा कॅम्प साधारण ७४०० मीटरवर असतो. आठ हजार मीटरवर श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या एक तृतीयांशच उरतो. तिथे हा माणूस तिचा दोर तपासणार, तिची नळी बदलणार, तिचं डोकं ठिकाणावर आहे की नाही ते बघणार. "मग तू काय करणार?" मी विचारलं. "मी चालणार, आई. तेवढंच पुष्कळ असतं," ती म्हणाली. खोटं बोलली नाही.

आता ती ओळ. पॅकेजमध्ये काय धरलंय आणि काय धरलेलं नाही, अशा दोन याद्या होत्या. धरलेल्या यादीत परवाना, दोर, तंबू, ऑक्सिजनच्या चार नळ्या, एक शेर्पा. न धरलेल्या यादीत विमान, विमा, कपडे, बूट आणि शेवटी 'समिट बोनस, १५०० डॉलर, शिखर गाठल्यास'. म्हणजे शेर्पाने तिला वर पोहोचवलं तर द्यायचे. मधूनच परत आणावं लागलं तर नाही, किंवा मर्जीने काहीतरी. सगळीकडे असाच रिवाज आहे, ती म्हणाली.

मी चष्मा काढून ठेवला. मला शिखरजी आठवलं.

१९९८ च्याच थंडीत आम्ही सम्मेद शिखरजीला गेलो होतो. तेव्हा तो भाग बिहारमध्येच होता. सासूबाई चौऱ्याहत्तरच्या, गुडघे गेलेले, पण वीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीची वंदना केल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत असा हट्ट. तुमच्यापैकी पुष्कळ जणी जाऊन आल्या असतील. सत्तावीस किलोमीटर, अनवाणी, निर्जळी, मध्यरात्र उलटली की मधुबनातून निघायचं. सासूबाईंसाठी डोली केली. डोलीचा दर वजनावर. खाली काट्यावर बसवून वजन करतात. सासूबाईंना चारचौघांत काट्यावर बसायची एवढी लाज वाटली की त्यांनी डोक्यावरून पदर पार पुढे ओढून घेतला. आकडा ऐकून आमचे हे हसले, मीही हसले. चार माणसं ठरली.

गंधर्व नाल्याच्या पुढे चढावर, काळोखात, मागच्यांपैकी एकाचा पाय दगडावरून मुरगळला. डोली कलंडली, सासूबाई किंचाळल्या. आम्ही सगळे धावलो ते सासूबाईंकडे. त्यांना काही लागलं नव्हतं. तो माणूस वाटेच्या कडेला घोटा धरून बसला होता. बाकीच्या तिघांनी हाका मारून दुसरा माणूस मिळवला आणि पाच मिनिटांत डोली पुन्हा उचलली. निघताना मी कमरेच्या बटव्यातून वीस रुपये काढून त्या बसलेल्याला दिले. त्याने ते डोळ्यांना लावले. दुपारी उतरताना मी त्या जागी पाहिलं, तिथे कुणी नव्हतं. कुणाला विचारलंही नाही.

यात्रेच्या हिशेबाची ती वही अजून माझ्याकडे आहे. परवा काढून पाहिली. 'डोली, सासूबाई' आणि खाली 'बक्षीस २०'. नाव नाही. धर्मशाळेच्या मॅनेजरचं नाव लिहिलंय, टांगेवाल्याचं लिहिलंय, कारण त्यांच्याकडून पैसे परत यायचे होते. सासूबाई पुढे बारा वर्षं जगल्या आणि आल्यागेल्याला "मी शिखरजीची वंदना केली" असं सांगत राहिल्या. डोलीतून, हा शब्द पहिल्या वर्षी असायचा, मग गळून गेला. मी कधी दुरुस्त केला नाही. भाव त्यांचा खरा होता, उपास खरा होता, डोळ्यांतलं पाणी खरं होतं. पण सत्तावीस किलोमीटर कुणाच्या तरी खांद्याने काटले होते.

आपण जपमाळ हातात घेतो तेव्हा तिचे १०८ मणी कसे आले, हे आपल्याला लहानपणी सांगितलेलं असतं. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. ते मनाने, वाणीने, कायेने. तेही स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावलेली, म्हणजे कृत, कारित, अनुमोदना. त्याला चार कषायांनी गुणायचं. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार. हिशेबाच्या बाईला हा गुणाकार फार आवडतो. पण खरं सांगते, इतकी वर्षं आलोचना करताना माझं लक्ष 'कृत'वर असायचं. मुंगी पायाखाली आली, भाजीत अळी निघाली, गाळायचं पाणी राहून गेलं. 'कारित' म्हणजे कसायाला जनावर विकणारे, आपण नव्हे, असंच वाटायचं.

शेर्पांच्या बाबतीत ते 'कारित' काय असतं हे जगाने १८ एप्रिल २०१४ रोजी पाहिलं. एव्हरेस्टच्या वाटेवर खुंबूची हिमनदी फुटून खाली कोसळते, तिथल्या बर्फाच्या ढिगाऱ्यातून पहाटे सामान वाहणाऱ्या लोकांवर वरचा कडा सुटला. सोळा माणसं गेली. सगळी नेपाळी, कामावर असलेली. सामान ज्यांच्यासाठी चाललं होतं ते पाहुणे खाली होते. सरकारने घरच्यांना तातडीची मदत जाहीर केली, चाळीस हजार नेपाळी रुपये. आपले पंचवीस हजार. शेर्पा इतके भडकले की त्या वर्षी नेपाळच्या बाजूने चढाई जवळजवळ बंदच पडली. मग विम्याची किमान रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये झाली. धाकटीने हे मला सांगितलं नव्हतं, मीच शोधून वाचलं. मनास्लूचंही वाचलं. २०१२ च्या सप्टेंबरात पहाटे तिसऱ्या कॅम्पवर हिमकडा कोसळला आणि झोपलेली अकरा माणसं गेली. हे वाचल्यावर दोन रात्री झोप नाही. आई आहे, शेर्पांची काळजी मागाहून, आधी पोटच्या पोरीचीच वाटली. खोटं कशाला लिहू.

आमच्या महिला मंडळात बातमी गेली तेव्हा एकीने पटकन म्हटलं, "ठाण्याच्या त्या बाईंचं काय झालं, माहीत आहे ना?" माहीत आहे. अंजली कुलकर्णी. पन्नाशी ओलांडल्यावर पती शरद कुलकर्णी यांच्याबरोबर एव्हरेस्टला गेल्या, शिखर गाठलं, आणि २२ मे २०१९ रोजी उतरताना वाटेतच गेल्या. त्या वसंतात नेपाळने ३८१ परवाने दिले होते आणि चांगल्या हवेचे दिवस मोजके मिळाले. निर्मल पुर्जा यांनी त्याच दिवशी काढलेला, शिखराच्या धारेवर एकामागे एक खोळंबलेल्या माणसांच्या रांगेचा फोटो सगळ्या पेपरांत आला होता. वर नळीतला प्राणवायू मोजका, आणि पुढचा हलल्याशिवाय मागच्याला हलता येत नाही. गिरिप्रेमीच्या आनंदाच्या बातमीला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता.

२०१९ साली याच मंडळात आम्ही बोललो होतो, या वयात कशाला, घरदार सोडून, कुणी सांगितलं होतं. मीही मान डोलावली होती. आज विचार करते, सासूबाई चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुडघे नसताना पारसनाथच्या डोंगरावर गेल्या तेव्हा कुणी म्हटलं नाही 'या वयात कशाला'. ते धर्माचं होतं, मान्य. पण त्या बाईंनी वर्षानुवर्षं तयारी केली होती, जगातली इतर मोठी शिखरं चढल्या होत्या. त्यांना न ओळखता मी निकाल देऊन टाकला. अनुमोदना अशीही असते. शरद कुलकर्णी २०२३ मध्ये पुन्हा गेले आणि शिखरावर पोहोचले. ते वाचलं तेव्हा मी स्वयंपाक करत होते. पोळी तव्यावर करपली एवढं आठवतंय.

तर मी धाकटीला बसवलं आणि म्हटलं, चार लाख देते. परत केलेस तर कर. पण बोनस शिखरावर ठेवायचा नाही. वर गेलीस तरी तेवढाच, पहिल्या कॅम्पवरून परत आलीस तरी तेवढाच. आणि हे त्या माणसाला चढायच्या आधी सांगायचं, नंतर नव्हे.

ती वैतागली. "आई, तुला कळत नाही. ही पद्धत आहे. त्यांचीही कमाई त्यावर असते. मी वेगळं काही केलं तर इतरांना वाटेल मी शहाणपणा करते."

"पंधराशे देणारच आहेस ना?"

"वर गेले तर."

"नाही गेलीस तर ते पैसे तुझ्याकडे राहतील. म्हणजे तू हरलीस तर तुझं नुकसान कमी, त्याचं जास्त. असा करार मी कुठल्या वहीत पाहिला नाही."

तेव्हा ती पटकन बोलून गेली, "पण आधीच कबूल केलं तर त्याला मला वर न्यायची घाई कशी राहील?"

बोलली आणि स्वतःच गप्प झाली. आमचे हे तोवर पेपरच्या आड होते. रेल्वेतून निवृत्त झालेत, सहसा मधे पडत नाहीत. ते म्हणाले, "आपल्या स्टेशनावर त्या पोराला कुणी आधी बोनस ठरवून दिला होता?"

इकडच्या सगळ्यांना माहीत आहे ते कशाबद्दल बोलत होते. बाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणी स्टेशनावर एका अंध आईचा लहान मुलगा फलाटावरून रुळांवर पडला. गाडी येत होती. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांवरून गाडीच्या दिशेने धावत गेला, मुलाला वर टाकलं आणि क्षणभराने स्वतः वर चढला. नंतर पन्नास हजारांचं बक्षीस मिळालं, त्यातले अर्धे त्याने त्या मायलेकरांना दिले. आमच्या गावात अंध कुटुंबं पुष्कळ आहेत, रोज लोकलमध्ये वस्तू विकून पोट भरतात. त्या फलाटावरून जाताना अजूनही माझी नजर ती जागा शोधते.

"ते वेगळं, बाबा," धाकटी म्हणाली. वेगळं आहेच. पण त्या रात्री ती जास्त बोलली नाही.

सकाळी तिनेच एक नवी गोष्ट सांगितली, ती मला फार लागली. मनास्लूवर खूप वर्षं बहुतेक लोक शिखराच्या अलीकडच्या एका टोकावर थांबायचे. तिथून पुढची धार अरुंद आणि धोक्याची, खरा माथा थोडासाच पुढे आणि उंच. दोर जिथे संपतो ते शिखर असं धरून फोटो काढायचे आणि प्रमाणपत्र घ्यायचे. २०२१ च्या सप्टेंबरात मिंग्मा जी नावाच्या शेर्पाचा संघ खऱ्या माथ्यापर्यंत गेला, ड्रोनने वरून चित्र घेतलं गेलं आणि सगळ्यांना दिसलं की बाकीचे कुठे उभे होते. आता हिमालयातल्या चढाईच्या नोंदी ठेवणारे पुढच्या खऱ्या माथ्यालाच शिखर धरतात. "म्हणजे बोनसचं शिखर कुठलं, यावरही भांडण होऊ शकतं," ती म्हणाली आणि हसली. मला सासूबाईंचं 'डोलीतून' आठवलं. "मी अलीकडच्या टोकावरून परत आले तर तेवढंच सांगेन," ती म्हणाली. मी काही म्हटलं नाही, पण बरं वाटलं.

कंपनीला तिने कळवलं. त्यांचं उत्तर आलं, हरकत नाही, गिऱ्हाइकाची मर्जी. एफडी मी मोडली. मुदतीआधी मोडल्याने व्याज थोडं गेलं. नात्यातल्या एकीने ऐकवलं, एवढ्यात लग्नाचा हॉल झाला असता. झाला असता.

आता आपल्या घरातले प्रश्न, ते तुम्हाला जास्त कळतील. यंदा अधिक मास आल्यामुळे दशलक्षण पर्व सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतंय आणि नेमके तेच त्यांचे वर चढायचे दिवस. अनंत चतुर्दशीला ती कुठल्या कॅम्पवर असेल, देव जाणे. शेवटच्या चढाईला रात्री निघतात. शिखरजीला आपणही रात्री निघतो, पण पाण्याचा थेंब न घेता. तिथे तिला रात्रभर पाणी प्यावंच लागेल, काहीतरी खावंच लागेल, नाहीतर पाय उचलणार नाही. तिने मला आधीच सांगून टाकलं, "आई, त्या एका रात्री मी खाणार आहे. लपवून नाही खाणार." ज्या पोरीचं ताट मी उचललं होतं तिला या वेळी नाही म्हणू शकले नाही. बेस कॅम्पवर पंचाईत वेगळीच. विरळ हवेत भूक लागावी म्हणून स्वयंपाकी लसणाचं सूप करतात आणि बटाट्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. पाच हजार मीटरवर पाणी त्र्याऐंशीच्या आसपासच उकळतं, डाळ कुकरशिवाय शिजतच नाही. तिच्यासाठी सातूचं पीठ, शेंगाचटणी, राजगिऱ्याच्या वड्या, सुक्या दशम्या असं मी करून देतेय. शेर्पा लोकही भाजलेल्या जवाचं पीठ खातात, त्यामुळे सातू त्यांना परका वाटणार नाही.

कपड्यांचं मात्र माझ्या मनातून जात नाही. त्या थंडीत अंगभर जो सूट घालतात तो हंस-बदकांच्या पिसांनी भरलेला असतो. आपल्या मुनिमहाराजांची पिच्छी मोराने स्वतः गाळलेल्या पिसांची, हे आपण अभिमानाने सांगतो. ही पिसं गाळलेली नसतात. धाकटीने नायलॉनच्या धाग्यांचा सूट शोधला, पण त्या उंचीला पुरेल असा मिळाला नाही. शेवटी काठमांडूत वापरलेला सूट भाड्याने घ्यायचं ठरलं. नवा पक्षी तरी त्यासाठी मरणार नाही, असं तिचं म्हणणं. गिऱ्हाईक आहे म्हणून दुकान आहे, असं माझं. हा प्रश्न सुटलेला नाही आणि मी तो सुटला असं तुम्हाला सांगणार नाही. कुणी जाणत्या असाल तर कळवा.

एक गोष्ट तिने सांगितली ती मला आवडली. चढायला लागण्याआधी बेस कॅम्पवर लामा येतात, धूप जाळतात, दगडांच्या चबुतऱ्यावर पताका बांधतात. बर्फात लोखंडी खिळे रोवणार, पाय ठेवणार, म्हणून शेर्पा आधी डोंगराची क्षमा मागतात. आपण दशलक्षण संपल्यावर मागतो. ते आधी मागून ठेवतात.

गेल्या रविवारी तिच्या शेर्पाशी व्हिडिओवर बोलणं झालं. सोलुखुंबूकडचा, तिशीच्या आतला, दोन मुलं. मागे बायको चहा गाळत होती. मी सगळ्यात आधी त्याचं पूर्ण नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. इथे लिहीत नाही, कारण त्यासाठी त्याला विचारलेलं नाही. मग बोनसचं सांगितलं. माझी हिंदी तुम्हाला माहीत आहे. वर जाओ, नीचे आओ, पैसा सेम, असं काहीतरी बोलले.

तो जरा थांबला. मग म्हणाला, "आंटी, हम तो बोलेगा लौटो. दीदी सुनेगा क्या?"

मी धाकटीकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती. "सुनूँगी," म्हणाली. तो हसला. त्याला आधी कुणाकुणाने असंच सांगितलं असेल, त्याच्या हसण्यावरून वाटलं.

मग त्याने कामाचं विचारायला घेतलं. बुटाचा नंबर, उंची, पूर्वी कुठल्या उंचीवर डोकं दुखलं होतं. आणि वजन किती.

"अठ्ठावन्न," धाकटी म्हणाली.

"साठ," मी मागून म्हटलं.

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याने साठ लिहून घेतले.